तेरचा कुंभार आणि खोडदची दुर्बीण

तेरला जाणारा माणूस बहुधा दोन कारणांपैकी एका कारणासाठी जातो. एक तर त्याला गोरोबाकाकांच्या समाधीवर डोके टेकवायचे असते, नाहीतर त्याला जुन्या विटा पाहायच्या असतात. पहिल्या जातीची मंडळी चैत्रात काकांच्या पुण्यतिथीला येतात, तेरणेच्या पात्रात जेवढे पाणी असेल तेवढ्यात पाय बुडवतात, आणि टाळांच्या गजरात दिवस घालवून माघारी जातात. दुसऱ्या जातीची मंडळी संख्येने थोडी. त्यांच्या खांद्याला पिशवी असते, हातात वही असते, आणि गावातली पोरे त्यांच्याकडे ‘खापऱ्या वेचणारे आले’ म्हणून कौतुकाने पाहत असतात. या दोन्ही जातींत न बसणारी तिसरी एक जात अलीकडे निघाली आहे. ती म्हणजे आधी तेर पाहून मग थेट पुणे जिल्ह्यातल्या खोडदला जाणाऱ्यांची. या जातीत सध्या तरी एक एस.टी. भरून विद्यार्थी, एक पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक आणि प्रस्तुत लेखक एवढेच सभासद आहेत. परंतु ही जात वाढावी अशी माझी इच्छा आहे, आणि त्यासाठीच हा लेखनप्रपंच.

खोडदला काय आहे, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. तिथे जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक आहे. पण तेरचा आणि तिचा संबंध काय, असे कुणीही विचारील. आमच्या सहलीची नोटीस लागली तेव्हा आमच्याच अध्यापक-दालनात हा प्रश्न तीन वेळा विचारला गेला. संबंध आहे. जुनी वस्तू चालू ठेवूनच तिला आतून नवी कशी करावी, हा प्रश्न या दोन्ही ठिकाणी माणसांपुढे उभा राहिला होता. एका ठिकाणी त्याचे उत्तर अर्धेमुर्धेच सापडले. दुसऱ्या ठिकाणी ते गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या डोळ्यांदेखत शोधले गेले.

तेव्हा प्रथम तेर.

धाराशिव जिल्ह्यातले हे गाव आज पाहिले तर मराठवाड्यातल्या कोणत्याही मोठ्या खेड्यासारखे दिसते. पण इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची जी माहिती लिहून ठेवली, ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते, तीत या गावाचे नाव आहे. तगर हे फार मोठे शहर, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर, असे तो सांगतो. तिथून जाडेभरडे कापड आणि नाना तऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून, रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरावर जात असे, असेही सांगतो. तगर म्हणजेच तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली ठरवले. पुढे हेन्री कझेन्स आले, नंतर आपल्याकडचे उत्खननकार आले, आणि गावाभोवतालच्या पांढरीच्या टेकाडांतून मणी, बाहुल्या, नाणी, खापरे निघत राहिली. ‘पांढर’ हा आमच्या भागातला शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. जिथे पूर्वी वस्ती होती, घरे होती, आणि त्या घरांची आता नुसती पांढुरकी माती उरली आहे, ती पांढर. तेरमध्ये पांढर पुष्कळ.

गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात या पांढरीचा माल ठेवला आहे. त्यातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहण्यासारखी आहे. १९३८ साली इटलीतल्या पाँपेईच्या राखेखालून जी भारतीय हस्तिदंती मूर्ती निघाली, तिची ही बहीण शोभेल. आता गंमत पाहा. ही मूर्ती ज्याने कोरली त्या कारागिराच्या हाताचा वारसा तेरमध्ये कुठे उरला आहे? कुठेच नाही. ती मलमल विणणारे मागही नाहीत, आणि ती कशी विणत हे सांगणारेही कुणी नाही. तेरच्या जुन्या विटांबद्दल, त्या इतक्या हलक्या की पाण्यावर तरंगतात, असा लौकिक आहे. पण आज तेरच्या भट्टीवर जाऊन तसली वीट मागितली तर भट्टीवाला आपल्याकडे नुसता पाहत राहील. वस्तू उरली, हात गेला. पांढर म्हणतात ती हीच.

पण तेरमध्ये न गेलेली अशीही एक वस्तू आहे. ते त्रिविक्रमाचे देऊळ. विटांचे, मागच्या बाजूला अर्धगोल, वर पिंपाच्या पोटासारखे वाटोळे छप्पर, आणि समोर घोड्याच्या नालेच्या आकाराची कमान. लेणी पाहिलेला माणूस लगेच म्हणेल, हे तर चैत्यगृह! पुष्कळ अभ्यासकांचेही मत तसेच आहे की, हे मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे. पुढे केव्हातरी आत त्रिविक्रम उभा राहिला, पुढे मंडप जोडला गेला, दिवा लागत राहिला. उपासना बदलली, उपासक बदलले, मंत्र बदलले. भिंती आणि छप्पर मात्र तेच राहिले. सबंध तगर मातीत गेले आणि हे एक देऊळ उभे राहिले, याचे कारण विटांच्या मजबुतीत जितके आहे तितकेच या गोष्टीत आहे की, कुणीतरी ते सतत वापरीत होते. वापरीत होते म्हणून डागडुजी करीत होते, आणि आपल्या गरजेप्रमाणे आतून बदलीतही होते.

आणि तिसरे गोरोबाकाका. तेरढोकीच्या या कुंभाराची सर्वांना ठाऊक असलेली कथा म्हणजे संतांच्या परीक्षेची. संतमंडळी जमलेली असताना मुक्ताबाईने विचारले, ‘काका, यातली पक्की मडकी कोणती आणि कच्ची कोणती?’ काकांनी थापटणे उचलले आणि एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिले. बाकीचे निमूट बसले, नामदेव तेवढे कुरकुरले. म्हणून ते मडके कच्चे ठरले. पुढे नामदेव औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले, इत्यादी कथा कीर्तनात आपण ऐकतो. वर्गात ही कथा सांगताना मी तिच्यातल्या अध्यात्मावर भर देत असतो. पण तेरच्या एका विद्यार्थ्याने, ज्याच्या घरी चाक अजून फिरते, मला तिच्यातला धंदा समजावून सांगितला. “सर, थापटणं मारत्यात ते फोडायला नव्हं. आवाज ऐकायला. मडकं बोलतं.” कच्चे मडके बद्द वाजते, पक्के खणखणते. डोळ्यांना जे दिसत नाही ते कानाला कळते.

या विद्यार्थ्याला मी खोडदच्या सहलीत मुद्दाम घेतले.

खोडदची दुर्बीण पाहायला जायचे तर राष्ट्रीय विज्ञानदिनी, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास जावे. त्या वेळी ती सर्वांसाठी खुली असते, आणि शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगांचे प्रदर्शनही तिथे भरते. आम्ही आदल्या रात्री निघालो. येडशी, बार्शी, करमाळा, मग ज्याला लोक अजून नगरच म्हणतात ते अहिल्यानगर, आणि पुढे आळेफाटा. जुन्या तगरचे व्यापारी या दिशेने निघत तेव्हा त्यांची वाट पैठणवरून जाई. पैठणहून एक फाटा जुन्नरकडे, आणि जुन्नरहून नाणेघाट उतरून कोकणातल्या बंदरांकडे. नाणेघाटात सातवाहनांच्या नागनिका राणीचा लेख आहे. म्हणजे आम्ही जिथे चाललो होतो ते खोडद, त्या जुन्या वाटेपासून फार दूर नव्हते. आमच्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांना ही गोष्ट मी रात्री दोन वाजता सांगितली. त्यांनी “असं का?” म्हटले आणि पुन्हा डोळे मिटले.

पैठणचे नाव निघाले की मराठीच्या माणसाला एकनाथ आठवणारच. नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीनशे वर्षे पोथ्यांवरून पोथ्या उतरल्या जाऊन तिच्यात चुका शिरल्या होत्या, अपपाठ माजले होते. नाथांपाशी प्रतिभा होती, अधिकार होता. त्यांना नवी टीका लिहिता आली असती, आणि भागवतावर ती त्यांनी लिहिलीही. पण ज्ञानेश्वरीपुरते त्यांनी तसे केले नाही. ग्रंथ तोच ठेवला, पाठ तेवढे शोधले. वारकरी पोथी वाचतच होते आणि पोथी दुरुस्तही होत होती. हे उदाहरण मनात ठेवूनच मी खोडदला उतरलो, आणि ते तिथे मला फार उपयोगी पडले.

नारायणगाव मागे टाकले की द्राक्षांचे मांडव लागतात. नारायणगाव म्हणजे तमाशाच्या फडांचे गाव; पाडव्याच्या सुमारास जत्रांच्या सुपाऱ्या देण्याघेण्यासाठी इथे राहुट्या पडतात. त्या राहुट्यांची आठवण व्हावी असे काहीतरी पांढुरके पुढे शेतांच्या वर दिसू लागते. जवळ जाताजाता त्याचा आकार वाढतच जातो. ती प्रचंड परडी असते, आकाशाकडे तोंड करून खांबावर बसवलेली. परडीचा व्यास ४५ मीटर. दुर्बीण म्हटल्यावर नळी आणि भिंग शोधणाऱ्याची इथे निराशा होते. ही दुर्बीण पाहत नाही, ऐकते. ताऱ्यांकडून, आकाशगंगांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी ही परडी गोळा करते. आणि परडी तरी कसली? नुसती तारांची जाळी! अर्धा-पाऊण मिलिमीटर जाडीच्या पोलादी तारेची जाळी दोरांसारख्या ताणलेल्या पोलादी तारांवर बसवली आहे. जाळीतून वारा निघून जातो, म्हणून सांगाडा हलका करता आला, आणि सांगाडा हलका म्हणून खर्च आटोक्यात राहिला. लांबलांबच्या लहरींना जाळीची भोके दिसतच नाहीत. त्यांच्या दृष्टीने तो सलग पत्राच. तेरच्या हलक्या विटेचा मला इथे पहिल्यांदा आठव झाला.

अशा परड्या ३० आहेत. १४ मधल्या चौकात, साधारण एक किलोमीटरच्या आवारात. उरलेल्या १६ तीन फाट्यांवर शेताशिवारांतून दूरवर पसरलेल्या. टोकापासून टोकापर्यंत अंतर २५ किलोमीटर. या तिसांनी ऐकलेले एकत्र जुळवले म्हणजे बारकावे टिपण्याच्या बाबतीत २५ किलोमीटर व्यासाच्या एकाच कानाने ऐकल्यासारखे होते. ही कल्पना गोविंद स्वरूप यांची. १९२९ साली जन्मलेल्या आणि २०२० साली पुण्यात वारलेल्या या शास्त्रज्ञाने आधी उटीला डोंगराच्या उतारावर ५३० मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण १९७० साली उभी केली. मग १९८४च्या सुमारास खोडदच्या दुर्बिणीची कल्पना मांडली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातल्या केंद्राने ती १९९०च्या दशकात बांधून काढली, आणि २००२पासून ती जगभरच्या संशोधकांना रीतसर खुली झाली. तिचे पूर्ण नाव जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. गावकरी ‘दुर्बीण’ एवढेच म्हणतात.

फाटकातच आमच्या मुलांचे मोबाइल बंद करविले गेले. मुलांना हे तेरच्या मंदिरात चपला काढण्यासारखे वाटले असावे. कारणही जवळजवळ तसेच आहे. आकाशातून येणारा आवाज इतका क्षीण असतो की, आवारातला एक मोबाइलही त्यापुढे नगाऱ्यासारखा वाजतो.

आम्हांला समजावून सांगायला एक तरुण अभियंता बाई होत्या. मुलांनी त्यांना पहिल्या पाच मिनिटांतच ‘मॅडम’वरून ‘ताई’ करून टाकले. या दुर्बिणीला आकाशातल्या एका जागेवर कान कसे लावता येतात, हे त्यांनी सांगितले, आणि ते ऐकून मला पहिल्यांदा कळले की यंत्राचा खरा जीव परडीत नसतो. पृथ्वी फिरते, म्हणून आकाशातला कोणताही तारा तासाला साधारण पंधरा अंश सरकताना दिसतो. तेव्हा तीसही परड्यांनी एकाच वेळी, एकाच गतीने त्याच्या मागे वळले पाहिजे. हे काम माणूस हाताने करीत नाही. मधल्या इमारतीत नियंत्रणकक्ष आहे. तिथून संगणक हुकूम सोडतो. तो प्रकाशतंतूंच्या तारेतून, शेतांखालून, प्रत्येक परडीपाशी जातो. तिथला छोटा संगणक मोटारींना फिरवतो. प्रत्येक दिशेला दोन मोटारी असतात, एकमेकींना किंचित ताणून धरणाऱ्या, म्हणजे दातेरी चाकांत ढिलाई राहू नये. परडी नेमकी किती अंशांत वळली हे मोजणारे यंत्र उलट निरोप पाठवते. वारा फार सुटला तर परडी आकाशाकडे तोंड करून विसावते. कोणत्या लहरी ऐकायच्या त्याप्रमाणे परडीच्या मुखाशी असलेला चौफुली डोलारा फिरून योग्य तो ग्राहक समोर आणतो. हे सगळे अष्टौप्रहर चालते, आणि त्यात एखाद्या परडीचे काही बिघडले तर नियंत्रणकक्षात दिवा पेटतो.

“आणि हे सगळं,” ताई म्हणाल्या, “आता बदललेलं आहे.”

तो बदल म्हणजेच आमच्या सहलीचे खरे निमित्त. ही दुर्बीण १९९०च्या दशकातल्या साहित्याची. पुढच्या दोन दशकांत संगणकाचे युग तीनदा पालटले. मग २०१०च्या पुढे टप्प्याटप्प्याने खोडदच्या मंडळींनी तिचे अंतरंग बदलायला घेतले. जुन्या मोटारी ब्रशच्या होत्या. फिरताना कोळशाचे ब्रश घासत, झिजत, आणि बदलावे लागत. त्यांच्या जागी बिनब्रशच्या मोटारी बसवू लागले. परडीवरच्या छोट्या संगणकांशी बोलण्याची जुनी वाट अरुंद होती. एकामागून एक निरोप जायचा. तिथे आता इथरनेटचे जाळे आले. नियंत्रणाची जुनी आज्ञावली होती, तिच्या शेजारी ‘टँगो’ नावाच्या चौकटीवर नवी उभी राहिली. ही चौकट मुळात फ्रान्समधल्या ग्रनोब्ल येथील क्ष-किरणांच्या प्रयोगशाळेची. ती सर्वांना खुली आहे, म्हणून तिच्यावर कुणा एका कंपनीचे कुलूप नाही. मुखाशी असलेले ग्राहक बदलले. तीस ठिकाणांहून आलेले संदेश जुळवणारे जुने यंत्र जाऊन आधी संगणकांचा ताफा आला, आणि नंतर चित्रप्रक्रियेच्या चिपांवर, म्हणजे मुलांच्या खेळांसाठी बनलेल्या तसल्या चिपांवर चालणारी व्यवस्था आली. पूर्वी ही दुर्बीण एका वेळी ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा ऐके. आता ४०० मेगाहर्ट्झपर्यंत ऐकते. एका फटीतून पाहणाऱ्याला सबंध दार उघडून मिळावे, तसे.

आणि परड्या? त्या त्याच. खांब तेच, ताणलेल्या तारा त्याच.

माझ्या कुंभार विद्यार्थ्याने हात वर केला. “ताई, जुनं बंद पडलं व्हतं का?”

“नाही. चांगलं चाललं होतं.”

“मग बदललं कशापायी?”

ताई हसल्या. मला वाटते, हा प्रश्न त्यांना त्या दिवशी पुष्कळांनी विचारला नसावा. त्या म्हणाल्या, “बंद पडेपर्यंत थांबलं तर बदलता येत नाही. जुन्या चिपा बाजारात मिळेनाशा होतात. आणि ज्यांनी ते बनवलं, ज्यांना त्यातली प्रत्येक तार माहीत असते, ती माणसं एक दिवस निवृत्त होतात. ती असतानाच विचारून घ्यावं लागतं, की हे असंच का केलं.”

हे वाक्य ऐकताना मला तेरच्या संग्रहालयातली ती हस्तिदंती बाई आठवली. तिच्या कारागिराला वेळेवर कुणी विचारले नाही.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती अशी. बदल करायचा म्हणून दुर्बीण बंद ठेवता येत नव्हती. जगभरचे संशोधक तिच्यावर वेळ मागून बसलेले असतात. तेव्हा जुनी व्यवस्था चालू ठेवायची आणि तिच्या बाजूलाच नवी उभी करायची. प्रयोगशाळेत तपासायची, मग परडीवर चढवायची, मग पाहायची. एकेक परडी, एकेक ग्राहक. जे जुन्याने ऐकले तेच नव्याने ऐकले का, हे ताडून पाहायचे. नवे खरे ठरले म्हणजे त्याच्यावर भार टाकायचा. “सर, हे थापटणंच की,” माझा विद्यार्थी माझ्या कानाशी म्हणाला. मी मान हलवली. नवी चीप काय किंवा नवे मडके काय, दिसायला सारखेच. कोणते कच्चे आणि कोणते पक्के, हे वाजवून पाहिल्यावाचून कळत नाही. आणि कच्चे निघाले तर त्यात मडक्याचा अपमान नाही. नामदेवांचेही पुढे चांगलेच झाले.

पण या नव्या रुंद दारातून एक अडचणही आत आली, आणि ती समजून घेतल्यावाचून खोडद पुरते समजत नाही. पूर्वीची अरुंद फट शांत कोपरे शोधून बसवली होती. दार सताड उघडल्यावर आकाशगंगेबरोबर दूरदर्शन, आकाशवाणी, मोबाइलचे मनोरे, ठिणग्या टाकणाऱ्या विजेच्या तारा हे सगळेच आत शिरते. दुर्बीण बांधायला ही जागा निवडली तेव्हा इथल्या डोंगरांनी बाहेरचा गोंगाट अडवला होता. त्यानंतर गोंगाट डोंगर चढून आला. म्हणून नव्या यंत्रणेत हा कचरा ऐकता ऐकताच ओळखून गाळण्याची व्यवस्था करावी लागली. तरी सगळेच गाळता येत नाही. म्हणून परिसरात उद्योगांवर निर्बंध आहेत. पुणे-नाशिक रेल्वेमार्गाच्या आखणीतही या दुर्बिणीचा प्रश्न आडवा आला आणि त्यावर बराच खल झाला.

इथे मला थोडे थांबावेसे वाटते. आमच्याबरोबर चहाच्या टपरीवर बसलेल्या एका वयस्क शेतकऱ्याने सरळ विचारले, “तुमाला ते तारे ऐकू येत्यात, ते बरंच हाय. पन आमच्या पोरान्ला कारखाना नको का?” त्याला उत्तर देणे सोपे नव्हते, आणि विज्ञानदिनाच्या उत्साहात ते झटकून टाकणे योग्यही नव्हते. शांतता ही इथे फुकट मिळत नाही. तिची किंमत कुणीतरी मोजत असते. दुर्बिणीच्या आतल्या गोष्टी बदलायला अभियंते आहेत. तिच्या बाहेरची शांतता टिकवायची तर या शेतकऱ्याच्या पोराचाही विचार त्या योजनेत आला पाहिजे. यंत्र नवे करताना त्याच्याभोवतीच्या माणसांशी असलेला करारही नवा करावा लागतो. तेरचे देऊळ टिकले ते गावाला ते आपले वाटत राहिले म्हणून.

आता, एवढे सगळे करून मिळाले काय? दोनच गोष्टी सांगतो. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपीय अवकाशसंस्थेचे स्कियापारेली नावाचे यान मंगळावर उतरत होते. कोट्यवधी किलोमीटर दूरच्या त्या यानाची क्षीण हाक खोडदच्या परड्या ऐकत होत्या. उतरता उतरता ती हाक थांबली; यान मंगळावर आदळून फुटले होते. दुसरी गोष्ट जून २०२३ची. आकाशात स्पंदक नावाचे तारे आहेत, घड्याळासारखे ठरल्या ठेक्याने ठोके देणारे. अशा ठोक्यांकडे वर्षानुवर्षे कान लावून, ते किंचित पुढेमागे का होतात हे पाहून, अवकाशकालात सर्वत्र मंद गुरुत्वलहरींची गुणगुण असल्याचा पुरावा जगातल्या निरनिराळ्या गटांनी त्या महिन्यात जाहीर केला. युरोपीय गटाबरोबर त्यात भारतीय गट होता, आणि त्याचे कान म्हणजे खोडदची ही आतून नवी झालेली दुर्बीण. ताऱ्याचा ठोका ऐकून अवकाशाची लहर ओळखायची! थापटण्याच्या विद्येची याहून दूरची मजल मला सुचत नाही.

दुर्बिणीला २०२० साली विद्युत अभियंत्यांच्या ‘आयईईई’ या जागतिक संस्थेने ‘मैलाचा दगड’ म्हणून गौरवले. पण माझ्या दृष्टीने याहून मोठी गोष्ट निराळीच आहे. इथे नियंत्रणाच्या आज्ञावलीचे जे काम झाले, ते करताना हात तयार झाले. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया इथे ‘स्क्वेअर किलोमीटर ॲरे’ ही महादुर्बीण बांधली जात आहे. तिचे नियंत्रण कसे असावे याच्या आखणीत पुण्याच्या मंडळींनी पुढाकार घेतला, आणि २०२३च्या अखेरीस भारत सरकारने त्या प्रकल्पासाठी १२५० कोटी रुपये मंजूर केले. तगरची मलमल भडोचला जात असे. खोडदची आज्ञावली आता कारूच्या वाळवंटापर्यंत जात आहे. फरक एवढाच की, ही विणायची कशी हे विणकरांनी लिहून ठेवले आहे. दुर्बिणीत काय बदलले आणि का बदलले, याचा वृत्तांत २०१७ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात छापून आला. कुणालाही तो वाचता येतो.

माझ्या विषयाशी या सगळ्याचा काय संबंध, असे आमच्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनी परतीच्या वाटेवर विचारले. मी त्यांना नाथांच्या शुद्ध प्रतीची गोष्ट सांगितली. या वेळी ते जागे होते. ते म्हणाले, “म्हणजे नाथांनी ज्ञानेश्वरी चालू ठेवून तिची डागडुजी केली म्हणा.” मी म्हटले, हो, आणि वारकऱ्यांना एक दिवसही पोथी मिटून ठेवावी लागली नाही.

वाचकांपैकी कुणाला ही यात्रा करावीशी वाटली तर माझी सूचना एवढीच की, क्रम उलटा करू नका. आधी तेर. धाराशिवहून गाडी मिळते. संग्रहालय बंद होण्याच्या वेळेआधी पोहोचा, त्रिविक्रमाच्या देवळाला मागच्या बाजूने एक फेरी घाला, गोरोबाकाकांना नमस्कार करा, आणि जमल्यास एखाद्या कुंभारवाड्यात जाऊन मडके विकत घ्या. घेण्याआधी ते वाजवून पाहायला विसरू नका. कुंभार रागावणार नाही, उलट तुम्हांला कळते म्हणून खूश होईल. मग फेब्रुवारीच्या अठ्ठावीस तारखेस खोडदला जा. संध्याकाळपर्यंत थांबा. बाहेरची मुले गाड्यांत बसली, प्रदर्शनाचे पडदे उतरले, की मधल्या चौकातल्या त्या परड्या कुणी हात न लावता, कुरकुर न करता, सगळ्या मिळून एकाच दिशेला हळूहळू वळू लागतात. त्या वेळी बोलू नये.